आटे जुळले तर

संपादकांनी यंदा ‘जुनं आणि नवं’ असा विषय दिला. या विषयावर वाडे, पैठण्या आणि पितळी भांड्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला पाहायचं होतं ते वेगळंच. जुन्या यंत्रात नवा भाग बसेल की नाही हे प्रत्यक्षात कोण ठरवतं, आणि कशावरून? त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातलं कळंब गाठलं. लोक कळंबला येतात ते चिंतामणीसाठी. पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जावं लागतं असं ते देऊळ आणि तिथलं कुंड पाहतात, प्रसाद घेतात आणि वर्ध्याच्या किंवा यवतमाळच्या रस्त्याला लागतात. मी मात्र त्याच रस्त्यावरच्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसलो. तिथे एक चाळिशी ओलांडलेली रेसर सायकल दुरुस्तीला येणार असल्याचं कळलं होतं.

स्टँडवर चढवलेली रेसर

दुकान म्हणजे टिनाचं शेड. दारात पंक्चर तपासायचं पाण्याचं घमेलं, वर तारेला लटकवलेल्या रिमा, आत खोक्यांमध्ये छर्रे, कॉटर आणि स्पोक. सकाळची गर्दी शाळेच्या मुलींची. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना सायकली मिळाल्या, तेव्हापासून अशा दुकानांची चूल बरीचशी त्यांच्यावर पेटते. कुणाची चेन उतरलेली असते, कुणाचं पायडल लटपटतं, कुणाच्या चाकाचा आउट काढायचा असतो. ही कामं मिस्त्री बोलत बोलत उरकतात. रेसर त्यांनी सगळ्यात शेवटी हाती घेतली, शाळेची घंटा होऊन गेल्यावर.

सायकलीचे मालक निवृत्त क्रीडाशिक्षक. पुण्यात शिकत असताना त्यांनी ती जुनी विकत घेतली. मुंबई-पुणे शर्यतीतल्या सायकली पाहून डोकं फिरलं होतं, असं ते हसत सांगतात. पोलादी फ्रेम, वाकडं हँडल, २७ इंची चाकं, पुढे ५२ आणि ४० दात्यांच्या दोन चकत्या, मागे १४ ते २८ दात्यांच्या पाच. गिअर बदलायचे दोन खटके खालच्या नळीवर. हँडलवरचा हात काढून गुडघ्याजवळ न्यायचा आणि गिअर टाकायचा. आजची पोरं याला सर्कस म्हणतील.

दोन चकत्या आणि पाच चकत्या मिळून दहा गिअर होतात. त्याचा खरा अर्थ चढावर कळतो. आपल्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८; पायडलचा एक फेरा मारला की ती साधारण साडेपाच मीटर पुढे जाते, मग चढ असो की उतार. ही रेसर सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात तीन मीटरच्या आसपास जाते, सर्वांत जड गिअरमध्ये आठ मीटर. म्हणजे चढावर पाय निम्म्या ओझ्यात सुटतात.

आता मागच्या गिअरचा, म्हणजे डिरेलरचा, सांगाडा तडकला होता आणि मागच्या चकत्यांचे दाते झिजून वाकडे झाले होते.

“सर, हे मागचं गिअर गेलं. असंच्या असं आता भेटत नाई. दुसरं बसवा लागते.”

“बसते का पण, मिस्त्री?”

“पाहा लागते जी. आटे जुळले तर बसते.”

डिरेलर तडकणं हे जगभरचं दुखणं आहे. फ्रान्सच्या सिम्प्लेक्स कंपनीने साठच्या दशकात डेलरिन नावाच्या प्लास्टिकचे डिरेलर काढले. वजनाला हलके, किमतीला स्वस्त. वर्षं गेली तसं ते प्लास्टिक ठिसूळ झालं, आणि आज जुन्या सायकली जपणारे लोक त्या डिरेलरला हात लावतानाही घाबरतात. सरांच्या सायकलीला पूर्वी कुठल्या कंपनीचा डिरेलर होता, ते नावच झिजून गेलं आहे. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी नाव शोधलं नाही, पट्टी आणि कॅलिपर शोधलं.

एक पूर्णांक तीन अष्टमांश

मागच्या चकत्यांचा तो गठ्ठा म्हणजे फ्रीव्हील. तो हबवर आट्यांनी घट्ट बसलेला असतो. आट्यांचं हे माप ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेलं आहे: व्यास १.३७५ इंच, म्हणजे एक पूर्णांक तीन अष्टमांश, आणि इंचाला २४ आटे. फ्रेंचांनी आणि इटालियनांनी आपापली मापं वेगळी ठेवली होती, पण भारतात सायकल आली ती इंग्लंडमधून. म्हणून लुधियानात तयार झालेलं काळ्या सायकलीचं १८ दात्यांचं साधं फ्रीव्हीलही याच आट्यांवर बसतं, आणि आजच्या स्वस्त गिअरच्या सायकलीचं सहा चकत्यांचं फ्रीव्हीलही. मधे किती कंपन्या आल्या आणि बंद पडल्या. सोनीपतची ॲटलस १९५१ पासून सायकली काढत होती. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाच्या मुहूर्तावर, तिच्या साहिबाबादच्या कारखान्याला टाळं लागलं. आटे मात्र तेच राहिले.

जुनं फ्रीव्हील काढणं हे खरं कौशल्याचं काम. पायडल मारताना ते दरवेळी थोडं अधिक आवळलं जातं, त्यामुळे चाळीस वर्षांचं फ्रीव्हील म्हणजे चाळीस वर्षं आवळलेला नट. शिवाय खाचा जुन्या, दोनच. नवा पुलर त्यात बसत नाही. मिस्त्रींनी आधी छिन्नी उचलली, मग ठेवून दिली. “खाच तुटली तर सारं गेलं,” म्हणाले. एका जाड पट्टीला घासून त्यांनी दोन कान काढले, ती पट्टी वाइसमध्ये पकडली, चाक आडवं करून खाचा तिच्यावर बसवल्या, आणि ट्रकचं स्टिअरिंग वळवावं तशी रिम दोन्ही हातांनी फिरवली. पाना लहान असतो. चाकाचा घेर मोठा, म्हणून जोर मोठा. कच्चकन आवाज झाला. सरांनी डोळे मिटून घेतले होते, पण तुटलं काहीच नाही.

आत छर्रे दिसले. पाव इंची, एका बाजूला नऊ. तेही बदलले. गंमत अशी की हा पाव इंचाचा छर्रा कळंबमध्येही मिळतो आणि जगातल्या बहुतेक जुन्या सायकलींच्या मागच्या हबमध्ये आणि बीबीमध्ये, म्हणजे पायडलच्या एक्सलपाशीही, बसतो. पुढच्या चाकात तीन षोडशांश. सायकलीत सगळ्यात कमी भांडणारा भाग हाच.

सहा मिलिमीटरची जागा

नवं फ्रीव्हील निवडताना मात्र वाद झाला. सरांना जुन्यासारखं पाच चकत्यांचं हवं होतं. मिस्त्रींकडे सहाचं होतं, कारण बाजारात ज्यांना ‘१८ गिअरच्या’ म्हणतात त्या सायकलींना पुढे तीन आणि मागे सहा चकत्या असतात आणि त्याच गावात जास्त दिसतात. पाच चकत्यांसाठी, मागचं चाक बसतं त्या चिमट्यात १२० मिलिमीटर जागा सोडत. सहा-सातसाठी १२६ लागते. पुढे रेसरला १३० झाली, डोंगरी सायकलींना १३५. दर काही वर्षांनी एक चकती वाढली आणि मागचा चिमटा रुंद होत गेला.

हा सहा मिलिमीटरचा फरक ऐकून मला कळंबचीच रेल्वे आठवली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला. रूळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. जवळच्या यवतमाळला मूर्तिजापूरहून शकुंतला नावाची गाडी यायची, ती ७६२ मिलिमीटरवर. नवा मार्ग यवतमाळ गाठून पुढे नांदेडपर्यंत जायचा आहे, पण शकुंतलेचा डबा त्यावर कधीच चालणार नाही. रूळ ओढून रुंद करता येत नाहीत.

पोलादी फ्रेम मात्र करता येते. मिस्त्रींनी मागचा चिमटा दोन्ही हातांनी फाकवला, थोडा थोडा, एका बाजूला तीन मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला तीन. मग सुतळी घेतली: एका टोकापासून पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने पाहिलं. एका बाजूला जास्त फाकलं असतं तर चाक तिरकं बसलं असतं. सुतळीने हे काम जगभर असंच करतात. त्यासाठी महागडी हत्यारंही मिळतात, पण सुतळी खोटं बोलत नाही. ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची फ्रेम असती तर मिस्त्रींनी हात लावला नसता. ती वाकत नाही, तडकते.

एक चकती वाढली की हबच्या उजवीकडे वॉशर वाढतात, रिम मध्यावर आणण्यासाठी उजवीकडचे स्पोक अधिक ताणावे लागतात, आणि एक्सलचा जास्त भाग आधाराविना राहतो. फ्रीव्हीलवाल्या हबची खरी कमजोरी ही. चकत्या जेवढ्या जास्त, एक्सल वाकण्याची भीती तेवढी जास्त. जपानच्या शिमानोने १९७८ मध्ये उजवीकडचे छर्रेच बाहेरच्या टोकाला नेऊन यावर तोड काढली. आज चांगल्या सायकलींत तीच रचना असते. सरांच्या सायकलीत ती बसणार नव्हती, बसवायची तर सगळं चाकच बदलावं लागलं असतं. “तुमी काई पोतं वाहून नेत नाई न सर, टिकते,” असा निकाल मिस्त्रींनी दिला.

बोटांनी लावायचा गिअर

आता मुख्य प्रश्न: चाळीस वर्षांपूर्वीचे खटके आणि कालपरवाचा डिरेलर यांचं जमेल का? जमलं, आणि अगदी सहज. यात खरं श्रेय जुन्याचं.

जुना खटका घर्षणावर चालतो. त्यात ठरावीक टप्पे नाहीत. बोटाने ढकलला तेवढी तार ओढली जाते, चेन खडखडली की थोडं मागेपुढे करायचं, आवाज थांबला की गिअर बसला. तो पाच चकत्यांवर चालतो तसाच सहांवर चालतो. त्याच्या नजरेतून चकत्यांमधलं अंतर नेमकं किती आहे याला काही अर्थ नाही, कारण अंतर बोट मोजतं.

१९८४ मध्ये शिमानोने आपल्या ड्युरा-एस या महागड्या मालिकेत ठरावीक टप्प्यांचा गिअर आणला. टक् केलं की एक गिअर, पुन्हा टक् केलं की दुसरा. काही वर्षांत हीच पद्धत सगळीकडे पसरली. नवशिक्यालाही गिअर नीट टाकता येऊ लागला, आणि हे फार मोठं काम झालं यात शंका नाही. पण या सोयीबरोबर एक अट आली. खटका, तार, डिरेलर आणि चकत्या, चौघांचं माप एकमेकांशी बांधलं गेलं. सात चकत्यांमध्ये एकापासून दुसऱ्याचं अंतर ५ मिलिमीटर, आठमध्ये ४.८, नऊमध्ये ४.३४, दहामध्ये ३.९५. शिमानोचा आठचा खटका एका टक्‌ला साधारण २.८ मिलिमीटर तार ओढतो, डिरेलर त्याच्या सुमारे १.७ पट सरकतो, आणि हिशेब ४.८ वर येतो.

नऊचा खटका सातच्या फ्रीव्हीलवर लावून पाहा. पहिल्या टक्‌ला चेन पाऊण मिलिमीटरहूनही कमी मागे राहते. सहा टप्पे पुढे गेलात की चूक साचून चार मिलिमीटरच्या घरात जाते, म्हणजे जवळजवळ एक अख्खी चकती. कंपनी बदलली तर १.७ हा आकडाच बदलतो. अमेरिकन स्रॅम किंवा इटलीच्या कॅम्पानोलोचा खटका शिमानोच्या डिरेलरला लावला की टक् भलतीकडे वाजतो आणि चेन भलतीकडे जाते. इतकंच काय, खुद्द शिमानोच्या डोंगरी सायकलींचा दहा चकत्यांचा डिरेलर तिच्याच त्याआधीच्या खटक्यांशी जुळत नाही.

मिस्त्रींना हे आकडे माहीत नव्हते, पण फरक माहीत होता. त्यांनी शिमानो टुर्नी घेतला, लहान मुलांच्या डोंगरी सायकलीवर येतो तो, किमतीने तळातला. सरांच्या फ्रेमला डिरेलर लावायचा कान नव्हता. टुर्नीचा एक प्रकार पत्र्याच्या पट्टीसकट येतो, ती पट्टी एक्सलबरोबर चिमट्यात आवळायची. ती आवळली. मग डिरेलरवरचे दोन बारीक स्क्रू फिरवले. एक चेनला बाहेर फ्रेमकडे पडू देत नाही, दुसरा आत स्पोकमध्ये जाऊ देत नाही. बाकी सगळं सरांच्या बोटावर.

चेनची एक अडचण होती. मधल्या काळात कुणीतरी काळ्या सायकलीची चेन या रेसरवर चढवली होती. दोन्हींची कडी अर्ध्या इंचाची, त्यामुळे दाते पकडतात. पण काळ्या सायकलीची चेन आतून अष्टमांश इंच रुंद, आणि गिअरची तीन बत्तिसांश. जाड चेन शेजारच्या चकतीला घासते. इतकी वर्षं सर ज्याला गिअरचा आवाज समजत होते, तो खरं म्हणजे चेनचा होता. नवी सहा-सात-आठवाली चेन घातली. जुन्या चेनीची बारा इंच लांबी पट्टीने मोजली तर ती बारा इंच एक अष्टमांश भरली. एवढी ताणलेली चेन चकत्यांचे दातेही खाते. त्या झिजल्या होत्या त्याचं मूळ इथेच.

काळी माती

दुपारी कामात खंड पडला. मिस्त्री डबा खायला बसले आणि सरांनी सांगायला सुरुवात केली की पावसाळ्यात ते ही सायकल काढत नाहीत. या भागातली कपाशीची काळी माती पाऊस पडला की लोण्यासारखी मऊ होते आणि चाकाला, मडगार्डला, डिरेलरच्या दोन लहान चकत्यांना चिकटून बसते. वाळली की दगड. डिरेलर हे उघडं यंत्र आहे. युरोपातल्या डांबरी रस्त्यांवर ते वाढलं, आणि तिथेही १९३७ पर्यंत टूर द फ्रान्समध्ये त्याला परवानगी नव्हती.

मिस्त्रींच्या मते इथल्या शेतरस्त्याला खरा शोभतो तो डब्यातला गिअर. त्यांनी लहानपणी एक पाहिला होता. तो स्टर्मी-आर्चरचा असावा: इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला बनणारा तीन गिअरचा हब, सगळी चक्रं आत तेलात, बाहेर फक्त एक बारीक साखळी. मधला गिअर सरळ, खालचा ७५ टक्के, वरचा १३३ टक्के. एडब्ल्यू नावाचा त्यांचा हब १९३६ मध्ये आला आणि त्याच रचनेवर कित्येक दशकं बनत राहिला, म्हणून जुन्याचे सुटे भाग नव्याला लागत. २००० मध्ये कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली. भारतात असे हब फारसे रुजले नाहीत. मला वाटतं ती चूक झाली. गावाकडच्या सायकलीला दहा गिअर कधीच लागत नव्हते, तीन लागत होते.

नव्या सायकलवाल्यांची गोष्ट

विदर्भात सायकलीला नवा जोर आला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, आणि डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक मंडळी पहाटे हेल्मेट घालून महामार्गावर दिसू लागली. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करावे लागतात. त्यांच्या सायकलींना मागे अकरा चकत्या, चेन साडेपाच मिलिमीटर जाड, आणि गिअर-ब्रेक एकाच मुठीत.

असा एक जण कळंबजवळ अडकला होता, मिस्त्री सांगतात. मुठीतला खटका आतून तुटला. सायकल लाखाच्या वर, आणि बिघाड हाताच्या नखाएवढा. “उघडलं मी, पाहिलं, बंद केलं. घड्याळ आहे ते, सायकल नाई.” शेवटी तार ओढून डिरेलर एका मधल्या चकतीवर ठेवून तो स्क्रूने तिथेच अडकवला, आणि ते गृहस्थ एकाच गिअरवर यवतमाळपर्यंत गेले. म्हणजे काही तासांपुरती ती सायकल काळी सायकल झाली.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये शेल्डन ब्राउन नावाचे एक सायकल मिस्त्री होते, २००८ मध्ये वारले. जुनं कशाला लागतं आणि कशाला नाही याची मापं त्यांनी आयुष्यभर गोळा करून लिहून ठेवली आणि फुकट वाटली. कंपन्यांची माहितीपत्रकं नवं कुठलं घ्यायचं ते सांगतात. जुन्याचं काय करायचं ते अशी माणसं सांगतात. कळंबच्या मिस्त्रींनी ब्राउन यांचं नाव ऐकलेलं नाही, पण दोघांची भेट झाली असती तर भाषेची फार अडचण पडली नसती. मिलिमीटर दोघांचे सारखेच होते.

२७, २८ आणि ७००

संध्याकाळी गिअर लागले, सरांनी रस्त्यावर एक फेरी मारली, आणि मग टायरचा विषय निघाला. पुढचा टायर फाटला होता. २७ इंची टायर दुकानात नव्हता. २८ इंची होता, ७०० लिहिलेला होता, आणि सर बुचकळ्यात पडले.

इथे आकडे फसवतात. काळ्या सायकलीचा २८ गुणिले दीड टायर ज्या रिमवर बसतो तिचा व्यास ६३५ मिलिमीटर. जुन्या रेसरचा २७ गुणिले सव्वा, रिम ६३०. आजच्या हायब्रिड आणि रेसर सायकलींचा ७०० सी, रिम ६२२, आणि त्यालाही काही टायरांवर २८ लिहितात. म्हणजे २८ हा २७ पेक्षा मोठाही आणि लहानही. हायब्रिडवर चुकून काळ्या सायकलीचा टायर घातला की तो तेरा मिलिमीटरने ढिला पडतो आणि हवा भरताच निसटतो; अशी एक तक्रार घेऊन एक मुलगा आदल्याच आठवड्यात आला होता. मिस्त्री टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला शेवटचा तीन आकडी अंक पाहतात. बाकीचं ते वाचतच नाहीत.

हायब्रिडची एक ७०० ची रिम दुकानात पडली होती. सरांच्या पुढच्या हबवर ती नव्याने विणायची, एवढंच करावं लागणार होतं. व्यास आठ मिलिमीटरने कमी, म्हणजे ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली सरकले पाहिजेत. पुढच्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा निघाली. मागेही ७०० करता येईल का म्हणून पाहिलं, तर मागच्या ब्रेकच्या खाचेत ती दोन मिलिमीटरवरच संपली. कानस घेऊन खाच वाढवावी का, यावर थोडी चर्चा झाली. ब्रेकच्या हाताला कानस लावायला मिस्त्री तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं. मग ठरलं: पुढे ७००, मागे आहे तो २७ चा टायर झिजेपर्यंत तसाच. सायकल पुढून चार मिलिमीटर खाली बसेल, सरांना ते कळणारही नाही.

“मग ट्यूब दोन वेगळ्या ठेवाव्या लागतील,” सर म्हणाले.

“नाई जी. ट्यूब रबर आहे, ताणते. एकच साइज दोन्हीले चालते. फक्त वाल्व्ह मोटरसायकलवाला घ्या, जाडा. म्हणजे कुठल्याई पेट्रोल पंपावर हवा भरता येते.”

सरांनी दोन ट्यूब घेतल्या आणि रिम विणून कधी होईल ते विचारलं. बुधवारच्या बाजारानंतर या, असं उत्तर मिळालं.